लंडन ब्रिज : एका पुलाचे स्थलांतर

एम. ए.च्या वर्गात मर्ढेकर शिकवताना एलियटचे नाव घेतल्यावाचून पुढे सरकता येत नाही. महानगरातील यंत्रवत् गर्दी, तिच्यातील माणसाचे माणूसपण हरवणे, भक्तिपरंपरेतील शब्दांचा नव्या विदारक संदर्भात केलेला वापर, हे सारे 'काही कविता'च्या (१९४७) संदर्भात सांगत असताना 'द वेस्ट लँड'मधील (१९२२) लंडन ब्रिजचे दृश्य आम्ही हमखास सांगतो. धुक्यातून पूल ओलांडून कचेऱ्यांकडे निघालेली माणसे आणि त्यांना पाहून कवीला आठवलेले, दान्तेने नरकाच्या दारात पाहिलेले मृतात्म्यांचे तांडे. खेड्यापाड्यांतून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना तो पूल डोळ्यांसमोर यावा म्हणून आम्ही दोघे गेली कित्येक वर्षे वर्गात एक चित्रही दाखवीत होतो. दोन उंच मनोरे, मधोमध उघडणारा रस्ता, खाली थेम्स.

एका वर्षी मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला आणि संकोचत म्हणाला, "सर, हा टॉवर ब्रिज आहे. लंडन ब्रिज वेगळा. आणि एलियटचा तो पूल आता लंडनमध्ये नाहीच म्हणतात. तो अमेरिकेत नेला." वर्ग हसला. आम्ही "पाहून सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. पाहिले, तेव्हा तो मुलगा दोन्ही बाबतींत बरोबर असल्याचे निष्पन्न झाले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिराने दिलेले उत्तर होय. मात्र हे उत्तर जुळवीत असताना आम्हा दोघांतच एक मतभेद उभा राहिला आणि तो अद्याप मिटलेला नाही. वाचकांपुढे तोही ठेवावा असे वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे, की 'लंडन ब्रिज' हे कोण्या एका पुलाचे नाव नव्हे. थेम्सच्या साधारण त्याच टापूत एकामागून एक उभ्या राहिलेल्या पुलांचे ते वंशपरंपरागत नाव आहे. रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेथे लाकडी पूल बांधला आणि त्याच्या उत्तर टोकाशी लंडन वाढले. पुढे कित्येक लाकडी पूल आले आणि गेले. ११७६ मध्ये पीटर ऑफ कोलचर्च या धर्मगुरूच्या देखरेखीखाली दगडी पुलाचे काम सुरू झाले. ते ३३ वर्षे चालले व १२०९ मध्ये पूर्ण झाले. पीटर त्यापूर्वीच, १२०५ मध्ये, वारला. पुलाच्या मध्यावर संत थॉमस बेकेटच्या नावे एक प्रार्थनामंदिर होते, त्यातच त्याला पुरण्यात आले. आपण बांधीत असलेल्या पुलाच्या पोटात पुरला गेलेला बांधकामप्रमुख अन्यत्र क्वचितच सापडेल.

हा मध्ययुगीन पूल म्हणजे नदीवर वसलेली एक पेठच होती. दोन्ही बाजूंना दुकाने, दुकानांवर घरे आणि मधून चिंचोळी वाट. दक्षिणेकडील दरवाजावर राजद्रोह्यांची मुंडकी भाल्यांवर लावून ठेवण्याची प्रथा १३०५ मध्ये विल्यम वॉलेसपासून सुरू झाली. 'युटोपिया'चा कर्ता थॉमस मोर याचेही शिर १५३५ मध्ये तेथेच लावले गेले. पुलाच्या १९ कमानींचे जाड पाये नदीचा प्रवाह अडवीत. त्यामुळे कमानींतून पाणी धबधब्यासारखे कोसळे व नावाड्यांचे प्राण जात. वरच्या अंगाला मात्र प्रवाह इतका संथ होई, की कडाक्याच्या हिवाळ्यात नदी गोठून तिच्यावर जत्रा भरत असे. अशी शेवटची जत्रा १८१४ मध्ये भरली. जुना पूल गेल्यावर पाणी मोकळे वाहू लागले आणि लंडनच्या मध्यभागी थेम्स गोठणे जवळजवळ इतिहासजमा झाले. पुलाचे जाणे ऋतूंच्या अनुभवातही असा फरक पाडून गेले.

लंडन ब्रिज कोसळत असल्याचे सांगणारे बालगीत आज आपल्याकडील इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतही म्हटले जाते. ते या मध्ययुगीन पुलाच्या काळातले. १७४४च्या सुमारास ते छापले गेले आणि त्यापूर्वीही तोंडी चालत आले असावे. गीताचा उगम कोणत्या घटनेत आहे याविषयी अनेक तर्क केले गेले आहेत, पण एकही सिद्ध झालेला नाही. एवढे मात्र खरे, की शतकानुशतके डागडुजी करीत टिकवलेल्या त्या पुलाला हे गीत शोभून दिसे. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर पुलावरची घरे पाडून वाट रुंद करण्यात आली, तरी वाहतूक आवरेना. अखेर नवा पूल बांधण्याचे ठरले.

एलियटचा पूल तो हाच. त्याचा आराखडा जॉन रेनी या स्कॉटिश अभियंत्याचा. तो १८२१ मध्ये वारला व त्याच नावाच्या त्याच्या मुलाने काम तडीस नेले. १८२५ मध्ये कोनशिला बसली आणि १ ऑगस्ट १८३१ रोजी राजा चौथा विल्यम याच्या हस्ते पूल खुला झाला. डार्टमूरच्या ग्रॅनाइटमध्ये बांधलेल्या पाच रुंद कमानी, सुमारे ९२८ फूट लांबी. जुन्या पुलापासून पश्चिमेस शंभर फुटांवर तो उभारल्यामुळे बांधकाम चालू असताना जुना पूल वापरात राहू शकला. नव्याचे काम झाल्यावर सहाशे बावीस वर्षांचा तो जुना पूल पाडण्यात आला. त्याच्याविषयी फारशी हळहळ झाल्याचे दिसत नाही.

रेनीचा पूल खुला झाल्यावर थोड्याच वर्षांत साहित्यात आला. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये (१८३७-३९) नॅन्सी मध्यरात्री रोझ मेली व मिस्टर ब्राउनलो यांना भेटते, ते या पुलाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या पायऱ्यांवर. तेथेच त्यांचे बोलणे चोरून ऐकले जाते आणि नॅन्सीचे मरण ठरते. पुढे शहर वाढले, तशी पुलावरची वर्दळ वाढली. १८९६ मध्ये दर तासाला ८,००० पादचारी आणि ९०० वाहने या पुलावरून जात, अशी नोंद आहे. १९०२ ते १९०४ या काळात पूल रुंद करण्यात आला. १९१७ पासून लॉइड्स बँकेत नोकरी करणाऱ्या एलियटने पाहिली ती या रुंद केलेल्या पुलावरची माणसे. त्याच्या कवितेत गर्दी पुढे किंग विल्यम स्ट्रीटवर उतरते. हा रस्ताही याच पुलाला जोडण्यासाठी काढलेला होता. याच कवितेच्या अखेरीस ते कोसळत्या पुलाचे बालगीत पुन्हा डोकावते. कवीच्या मनात युरोपीय संस्कृतीची पडझड होती. परंतु त्याच्या पायांखालचा पूलही त्या वेळी खरोखरच खचत होता, हे आम्हाला आता कळले.

पुलाचे पाये नदीच्या गाळात दर आठ वर्षांना सुमारे एक इंच या वेगाने रुतत होते. १९२४ मध्ये पूर्वेकडील बाजू पश्चिमेपेक्षा तीन ते चार इंच खाली गेल्याचे आढळले. वाढत्या मोटारींचा भार त्याला पेलणार नव्हता. १९६०च्या दशकात तो काढून नवा बांधावा असे ठरले, तेव्हा लंडनच्या नगरपरिषदेचे एक सभासद आयव्हन लकिन यांनी सुचविले, की पाडून टाकण्याऐवजी हा पूल विकावा. सहकाऱ्यांना कल्पना विक्षिप्त वाटली तरी १९६७ मध्ये पूल बाजारात आला. गिऱ्हाईक शोधण्यासाठी लकिन अमेरिकेला गेले. ते विकत होते ते दगड तसे सुमारे एकशे पस्तीस वर्षांपूर्वीचे, परंतु दोन हजार वर्षांचे नाव त्यांना चिकटलेले होते. किंमत आली ती त्या नावाला.

गिऱ्हाईक भेटले रॉबर्ट मॅकलॉक. लाकूड कापण्याच्या यांत्रिक करवती व तेल यांच्या धंद्यात मोठा झालेला हा उद्योगपती. ॲरिझोनाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीवरील पार्कर धरणामुळे (१९३८) बनलेल्या हवासू जलाशयाच्या काठी त्याने एक नवे शहर आखले होते. बोटींच्या इंजिनांची चाचणी घेण्यास जागा हवी म्हणून तो तेथे आला आणि मग त्याच्या मनात नगर वसविण्याचे आले. शहर होते, भूखंड होते, पण माणसे येत नव्हती. त्याचा सहकारी सी. व्ही. वुड हा डिस्नेलँडच्या उभारणीत पुढाकार घेतलेला गृहस्थ. ओसाड जागी लोकांना कसे खेचून आणावे याचे ज्ञान त्याला होते. एप्रिल १९६८ मध्ये २४ लाख ६० हजार डॉलरला सौदा झाला. पाडण्याच्या खर्चाचा अंदाज होता बारा लाख. त्याची दुप्पट केली आणि पूल उभा राहील तेव्हा आपण साठ वर्षांचे असू म्हणून दर वर्षामागे हजार डॉलर वर घातले, असे या आकड्याचे गणित सांगितले जाते.

मॅकलॉकला खरे तर टॉवर ब्रिज हवा होता आणि घाईत भलताच पूल त्याच्या गळ्यात पडला, ही आख्यायिका आजही मोठ्या चवीने सांगितली जाते. मॅकलॉक व लकिन या दोघांनीही ती साफ नाकारली होती. विकत घेणाऱ्याने आपण काय घेतो आहोत हे नीट पाहिलेले होते. १८९४ मध्ये खुला झालेला टॉवर ब्रिज लंडन ब्रिज म्हणून वर्षानुवर्षे वर्गात दाखविला तो आम्ही. तेव्हा या आख्यायिकेला हसण्याचा अधिकार आम्हाला तरी नाही.

पुढची कथा अभियांत्रिकीची आहे, पण ती पाहिल्याखेरीज मतभेदाचे मूळ कळणार नाही. पूल उतरवताना प्रत्येक दगडावर क्रमांक घातला गेला. कोणती कमान, कोणता थर, थरातील कितवी जागा. हे आकडे काही दगडांवर आजही दिसतात. असे १०,२७६ दगड झाले. अनेक दगडांची मागची बाजू डार्टमूरच्या मेरिव्हेल खाणीत कापून काढली आणि दर्शनी भाग तेवढा ठेवला. मग जहाजाने पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियातील लाँग बीचला आणि तेथून मालमोटारींनी वाळवंटात. २३ सप्टेंबर १९६८ रोजी लंडनचे लॉर्ड मेयर सर गिल्बर्ट इंगलफील्ड यांनी तेथे पुन्हा कोनशिला बसविली. नव्या जागी प्रबलित काँक्रीटचा सांगाडा उभारून त्यावर जुना ग्रॅनाइट आवरणासारखा चढविण्यात आला. १० ऑक्टोबर १९७१ रोजी समारंभ झाला. वाहतूक व उभारणी यांवर आणखी सुमारे सत्तर लाख डॉलर खर्ची पडले.

यातली सर्वांत चमत्कारिक बाब अशी, की पूल बांधला गेला तेव्हा त्याच्याखाली पाणी नव्हते. जलाशयात शिरलेल्या एका भूशिराच्या मुळाशी, कोरड्या वाळूवर तो उभा राहिला. कमानींना आधार म्हणून खाली वाळूचे ढीग रचले होते. पूल पुरा झाल्यावर खालून कालवा खणला, पाणी आत घेतले आणि भूशिराचे बेट केले. नदी आडवी येते म्हणून माणूस पूल बांधतो. येथे पूल आला म्हणून पाण्याला वाट काढून द्यावी लागली.

मॅकलॉकचा हिशेब चुकला नाही. भूखंड पाहण्यासाठी गिऱ्हाइकांना कंपनी विमानाने फुकट आणीत असे, आता त्यांना पाहायला काहीतरी होते. २०२०च्या जनगणनेत लेक हवासू सिटीची लोकसंख्या ५७ हजारांच्या घरात होती. थेम्सच्या धुक्यासाठी घडविलेला दगड उन्हाळ्यात ४५ अंशांवरची उष्णता सोसत पन्नासाहून अधिक वर्षे तेथे उभा आहे.

तेव्हा लंडन ब्रिज कोठे आहे? येथून आमच्यातील वाद सुरू होतो.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे : लंडन ब्रिज लंडनमध्येच आहे. जुना पूल टप्प्याटप्प्याने उतरवीत असतानाच त्याच जागी काँक्रीटचा नवा पूल आकाराला आला आणि मार्च १९७३ मध्ये राणी एलिझाबेथने तो खुला केला. दिसायला तो सपाट, अनाकर्षक आहे. परंतु सकाळी त्याच्यावरून कचेऱ्यांकडे माणसांचा लोंढा जातो, एलियटने पाहिला तसाच. पुलाचे पूलपण त्याने काय जोडले यात असते. रोमन लाकूड गेले, पीटरचा दगड गेला, तरी लंडन ब्रिज राहिला. मग रेनीचा दगड गेल्याने तो कसा जाईल?

दुसऱ्याचे म्हणणे असे : हे फार सोयीचे झाले. नॅन्सीचे पाय ज्यावर पडले, बँकेतील कारकुनांच्या पिढ्यांनी जो झिजवला, तो दगड ॲरिझोनात आहे. नावाचा वारसा चालू राहतो म्हणून वस्तू नष्ट झाल्या तरी चालतात, असे म्हणू लागलो तर जुनी हस्तलिखिते जपण्याचे तरी कारण काय? संहिता छापून झाली, पोथी रद्दीत घाला! साहित्याच्या अध्यापकाने असे बोलू नये.

प्लुटार्कने सांगितलेला थिसिअसच्या जहाजाचा प्रश्न वाचकांना ठाऊक असेल. एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहते काय, यावर अथेन्सचे तत्त्वज्ञ वाद घालीत. लंडन ब्रिजने या कोड्यात भर घातली. काढलेल्या फळ्या कोणी दूरदेशी नेऊन पुन्हा जोडल्या, आणि तेही नव्या सांगाड्यावर.

आम्हाला येथे रूपांतराची आठवण झाली. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले (१८८३), देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला (१८९०). तेथे दर्शनी रूप बदलले, नावे मराठी झाली, पण आतली नाट्याची बांधणी शेक्सपिअरची राहिली. ॲरिझोनात नेमके उलटे घडले. दर्शनी रूप मूळचे आणि भार पेलणारा सांगाडा परका. रूपांतराला आपण स्वतंत्र कृती म्हणून मान देतो. या पुलाला कोणता मान द्यावा, हे मात्र ठरविता येत नाही. मूळ म्हणावे तर आत काँक्रीट आहे, नक्कल म्हणावी तर हात लावल्यावर लागतो तो १८३१चाच ग्रॅनाइट.

वाद असा रंगला असताना एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली होती. ज्या पाण्यावर हा पूल आहे त्याखाली काय आहे? 'हवासू' हा मोहावी लोकांच्या भाषेतील शब्द, निळ्या पाण्याचा रंग सांगणारा. पार्कर धरणाचे पाणी चढले तेव्हा चेमेहुएवी या आदिवासी जमातीच्या नदीकाठच्या कसत्या जमिनी बुडाल्या. त्यांचे राखीव क्षेत्र आज जलाशयाच्या पलीकडच्या, कॅलिफोर्नियाच्या काठावर, या शहराच्या समोरच आहे. परक्या पुलाच्या एकेका दगडाला क्रमांक मिळाला, जहाज मिळाले, लॉर्ड मेयर मिळाले. त्या जमिनींच्या वाट्याला यातले काही आले नाही.

उजनी धरणाच्या परिसरातील विद्यार्थी आमच्या वर्गात असतात, म्हणून हे आम्हाला अधिक जाणवले. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर भीमेच्या पाण्यात गेले. गाव वर सरकले, मंदिर खाली राहिले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते उघडे पडते आणि माणसे होड्यांतून पाहायला जातात. ज्या वर्षी मॅकलॉकने पूल घेतला त्याच वर्षी, १९६८ मध्ये, ईजिप्तमध्ये अबू सिंबेलची मंदिरे कापून नाईलच्या वाढत्या पाण्यापासून उंचावर नेण्याचे काम पुरे झाले होते. दगड हलविता येतो, हे जगाला तेव्हाच ठाऊक झाले होते. कोणता दगड हलवावा हे ठरविण्याची सत्ता कोणापाशी असते, एवढाच प्रश्न उरतो.

याचा अर्थ जुने ते सारे जपावे असा मात्र नव्हे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एस. टी. गाड्या नदीत गेल्या आणि माणसे प्राणास मुकली. त्या रात्रीनंतर जुन्या पुलांविषयी निव्वळ हळवेपणाने लिहिणे आम्हाला जमणार नाही. खचणारा पूल वेळीच उतरविणे हे लंडनकरांचे शहाणपणच होते. आणि उतरविल्यानंतर त्याचे काय करायचे, याचाही त्यांनी विचार केला, भले तो व्यापारी असो. मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडण्यात आला. १० जुलै २०२५ रोजी त्या जागी नवा पूल खुला झाला, तो 'सिंदूर' या नावाने. लंडनने दगड विकला पण नाव ठेवून घेतले. मुंबईत दगडही गेला आणि नावही. पूर्वीचे नाव एका गव्हर्नराचे होते, ते बदलल्याचे दुःख करावे असे नाही. पण वीस वर्षांनी एखाद्या जुन्या मराठी कथेत 'कर्नाक' वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तळटीप लागेल आणि ती तळटीप लिहिण्याचे काम आपल्यासारख्यांचेच आहे.

राहता राहिले लंडनमधील अवशेष. रेनीच्या पुलाच्या दक्षिण टोकाची एक कमान आणि तिच्यालगतच्या पायऱ्या सदर्कच्या बाजूस आजही आहेत. लोक त्यांना नॅन्सीच्या पायऱ्या म्हणतात. मध्ययुगीन पुलावर अठराव्या शतकात बसविलेल्या दगडी कोनाड्यांपैकी एक गाय्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. कीट्स तेथे वैद्यक शिकला, म्हणून त्या कोनाड्यात आता त्याचा बसलेला पुतळा ठेवला आहे. म्हणजे विकूनही सारे गेले नाही, आणि नेऊनही सारे पोचले नाही.

या वर्षीही एलियटचे ते दृश्य आम्ही शिकविले. टॉवर ब्रिजचे चित्र काढून टाकले आणि त्याऐवजी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावली : लंडनचा सपाट काँक्रीटचा पूल आणि ॲरिझोनाच्या लख्ख उन्हातील रेनीच्या पाच कमानी. कवितेतला पूल यांपैकी कोणता, हे आम्ही सांगितले नाही, कारण आमचेच एकमत झालेले नाही. तासाभराच्या चर्चेत वर्गातही दोन तट पडले. पळसदेवकडची एक विद्यार्थिनी शेवटपर्यंत गप्प होती. तास संपल्यावर जवळ येऊन तिने एवढेच विचारले, "मॅडम, तिथल्या लोकांची बुडालेली गावं कुणी लिहून ठेवली आहेत का?" या वेळीही आम्हाला "पाहून सांगतो" असेच म्हणावे लागले. ते पाहण्याचे काम आता सुरू केले आहे.